चंदूच्या डोक्याचं गाऱ्हाणं

"मगे ह्ये शर्ट कोणाचे?" द्रौपदीबाईंनी पुन्हा विचारलं आणि पिशवी उलटी करून तिन्ही शर्ट जेवणाच्या टेबलावर टाकले.

"माझे आहेत, आई. मी कुठे नाही म्हणतोय?" चंद्रप्रकाश म्हणाला.

"इतकी वर्सां तू घरात टीशर्ट घालतंस. आता ह्ये बटनांचे कित्याक?"

"सेल होता, आई," सून अस्मिता ओट्याकडून म्हणाली.

"तुका नाय विचारूक. तेका विचारतंय. सेल होतो तर कपाटाच्या पाठी कित्या कोंबलंस?"

"अगं शर्टच आहेत ना? बाँब आहेत का? माणसाने दोन शर्ट घ्यायची चोरी झाली यार या घरात!"

"दोन नाय. तीन."

नात अपूर्वा मोबाइलमध्ये तोंड खुपसून फिसकन हसली. द्रौपदीबाईंची मान तिकडे वळली. "तू कित्या हसतंस? तुका ठावक आसा वाटता."

"मला काय माहीत, आजी?" असं म्हणताना अपूर्वाने बापाकडे पाहिलं. पाहायला नको होतं.

"काही नाही गं आई," चंद्रप्रकाश शर्ट गोळा करत म्हणाला. "उगाच तुझं आपलं काहीतरी. काही नाही."

यावर द्रौपदीबाई आपल्या खाटेवर जाऊन बसल्या. भांडण मिटलं असं समजून बाकीचे तिघे आपापल्या कामाला लागले.

द्रौपदीबाई मसुरकरांचा संशयीपणा मुलुंड पूर्वेच्या त्या सगळ्या सोसायटीला ठाऊक होता. रद्दीवाला काटा लावायला लागला की आधी त्या आपली चप्पल काट्यावर ठेवून बघायच्या. गॅसचा सिलिंडर आला की हलवून त्याचा आवाज ऐकायच्या. अपूर्वा मैत्रिणीकडे अभ्यासाला राहते म्हणाली की त्यांना त्या मैत्रिणीच्या आजीशी फोनवर बोलायचं असे. आईशी नाही, आजीशीच. "आयो सामील आसतत," असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरने गोळी दिली तर ती गोळी दुसऱ्या दुकानात दाखवून यायच्या. लोकांना त्याची गंमत वाटे. सोसायटीच्या सेक्रेटरीला तेवढी वाटत नसे.

पण हा स्वभाव त्या गावाहून घेऊन आल्या नव्हत्या. लालबागला गिरणीत नवरा कामाला असताना, मग संप फुटून विक्रोळीच्या चाळीत राहायला आल्यावरही, द्रौपदीबाई म्हणजे कुणी काहीही सांगावं आणि त्यांनी मान डोलवावी अशी बाई होती. बदल झाला तो नवऱ्याच्या शेवटच्या आजारात. सत्यवानाच्या काखेत गाठ आली तेव्हा चंदूने सांगितलं, काही नाही, साधी गाठ आहे. हात वर होत नव्हता म्हणून डोक्यातून घालायचे बनियन गेले आणि बटणांचे शर्ट आले. ते कशाला, तर काही नाही. तंबाखू एकाएकी सुटली. ती का, तर काही नाही, डॉक्टर म्हणाले म्हणून. त्याच सुमाराला गावी दिराच्या मुलीचं लग्न निघालं. सगळ्यांनी मिळून बाईंना आग्रहाने पाठवलं. त्या गेल्या, हळदीला नाचल्या, मांडवाखाली बसून वडे तळले आणि परत आल्या तेव्हा सत्यवान त्यांना ओळखत नव्हता. गाठ कसली आहे ते चंदूला ठाऊक होतं, सुनेला ठाऊक होतं, गावी दीर अण्णाला ठाऊक होतं. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळातल्या शरच्चंद्राला सुद्धा. फक्त तिला नव्हतं, जिचा नवरा होता. "तुला त्रास नको म्हणून, आई," चंदू म्हणाला होता. तेव्हा त्याने बाप गेला म्हणून नुकतंच डोकं केलेलं होतं आणि तुळतुळीत गोट्यावर उन्हाने घाम आला होता.

त्यामुळे "काही नाही" हे उत्तर त्यांना नवीन नव्हतं.

आता चंद्रप्रकाशने काय लपवलं होतं, तेही सांगायला हवं. तो केस लावून घेणार होता. अठ्ठाविशीपासून त्याचं कपाळ मागे मागे सरकत गेलं होतं आणि आता कानांवरची झालर तेवढी उरली होती. ऑफिसात त्याचा हिशेब कधी चुकला नाही, घरी त्याने कधी काही मागितलं नाही, सणाला सुद्धा बायको आणेल तो शर्ट घालणारा माणूस. पण मागच्या वर्षी लिफ्टमध्ये नवीन भाडेकरणीने अपूर्वाला विचारलं, "आजोबांना घेऊन निघालीस का?" अपूर्वाने घरी येऊन ते हसत हसत सांगितलं. तोही हसला. आणि मग अंधेरीच्या एका क्लिनिकमध्ये जाऊन आला.

"अठ्ठेचाळिसाव्या वर्षी केस कोणाला दाखवायचेत?" अस्मिताने विचारलं होतं.

"मला."

"तुम्हाला तुमचं डोकं दिसतं?"

"आरशात दिसतं ना."

अस्मिताने हे उत्तर अर्धंच खरं मानलं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी त्याच्या ऑफिसातल्या बायकांची नावं पुन्हा एकदा मनात ओळीने आणून पाहिली. त्यातली एकही तिला एवढ्या खटाटोपाच्या लायकीची वाटली नाही. मग ती त्याच्या बाजूने झाली.

अडचण फक्त एक होती. केस लावायचे तर आधी डोकं पूर्ण भादरावं लागतं. आई जिवंत असताना चंद्रप्रकाशने डोकं करायचं म्हणजे काय, हे त्यालाही कळत होतं. एरवी त्या घरात देवधर्माचं कुणी फार मनावर घेत नसे, पण ही गोष्ट वेगळी. "आईंना सरळ सांगून टाका," अस्मिता म्हणाली. "ओरडतील, दोन दिवस बोलणार नाहीत, मग होईल ठीक."

"आणि गावाला फोन करून सांगेल, चंदूने चाळिशीनंतर थेर सुरू केले म्हणून. मंडळात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शरच्चंद्रदादा तर माइकवरून बोलेल."

तेव्हा असं ठरलं की कंपनीचं लोणावळ्याला ट्रेनिंग आहे म्हणायचं, आणि परत आल्यावर सांगायचं की डोक्यात केसतोड झाले म्हणून डॉक्टरने केस काढायला लावले. डोक्याला काही लागू नये म्हणून बटणांचे शर्ट तेवढे आधी आणून ठेवले.

तयारीतच अर्धं बिंग फुटायची वेळ आली. क्लिनिकने रक्ताच्या तपासण्या सांगितल्या होत्या. रक्त घ्यायला माणूस घरी आला तेव्हा द्रौपदीबाई दारातच उभ्या होत्या.

"कसला रगत?"

"ऑफिसचं चेकअप असतं, आई. दर वर्षी."

"गेल्या वर्सा नाय इलो तो कोण."

"गेल्या वर्षी मी तिकडे गेलो होतो."

त्यांनी त्या माणसाला पाणी दिलं आणि गोड आवाजात विचारलं, "साखरेचीच मां तपासणी?" तो म्हणाला, "नाही आजी, भरपूर आहेत." चंद्रप्रकाशने दंडावर कापूस दाबून धरत छताकडे पाहिलं.

मग क्लिनिकच्या सांगण्यावरून त्याने सिगारेट सोडली. गॅलरीत, कुंडीच्या आड, आईला कळत नाही अशा समजुतीने तो सकाळी एक ओढत असे. आठवडाभर राख दिसली नाही तेव्हा बाईंनी कुंडी उचलून खालीही पाहिलं. दुसऱ्या एखाद्या आईने देवापुढे साखर ठेवली असती. द्रौपदीबाई कुंडीशेजारी बराच वेळ उभ्या राहिल्या.

लोणावळ्याहून चंद्रप्रकाश परत आला तो डोक्यावर सैल टोपी घालून, मान ताठ धरून, टोपीवर कुणी पाण्याने भरलेला हंडा ठेवला असावा तसा जपून चालत. सोबत अस्मिता होती. ती त्याला स्टेशनवर आणायला गेली होती असं तिने सांगितलं. पंचवीस वर्षांत ती त्याला कधी स्टेशनवर आणायला गेली नव्हती.

"टोपी काड," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"आई, दमलोय गं."

"काड म्हणतंय मां."

त्याने काढली. गोटा होता. पुढच्या भागावर बारीक लाल ठिपके, एकाला एक लागून, आणि मागे कानापासून कानापर्यंत पट्टी.

"केसतोड झाले होते," अस्मिता पाठ केल्यासारखी बोलली. "तिकडे अचानक. डॉक्टर म्हणाले, केस काढल्याशिवाय औषध लागत नाही."

"केसतोड पुढे आणि पट्टी पाठी?"

"मागे जास्त होते," चंद्रप्रकाश म्हणाला आणि खोलीत गेला. दार लागलं.

त्यांनी आयुष्यात केसतोड पुष्कळ पाहिले होते. पोटीस बांधून फोडले होते. केसतोड झालेला माणूस कण्हतो, चिडतो, पण तो दर अर्ध्या तासाला डोक्यावर बाटलीतून पाणी उडवून घेत नाही. तो खुर्चीत उशांचा ढीग करून बसल्या बसल्या झोपत नाही. त्याची बायको उशीचे अभ्रे वेगळे धूत नाही, आणि धुतलेच तर सासूला बघून बादली दाराआड सरकवत नाही. दोन दिवसांनी चंदूचं कपाळ सुजलं. मग सूज खाली उतरली, भुवया फुगल्या, डोळे बारीक झाले. जेवताना घास खाली पडला तर तो वाकून उचलत नसे. अपूर्वाला हाक मारत असे.

"वाकाक कित्या येणा नाय तेका?" त्यांनी नातीला विचारलं.

"पाठ धरलीय बाबांची."

"आता पाठय धरली."

दुसऱ्या दिवशी त्या भाजी आणायला म्हणून खाली उतरल्या. पिशवीत कचऱ्यातून काढलेली गोळ्यांची दोन रिकामी पाकिटं होती. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"ही जंतूंची, आजी. आणि ही सूज उतरायची. घरात कुणाचं ऑपरेशन झालंय का?"

द्रौपदीबाईंनी काउंटर धरला. "ऑपरेशन झाल्यावरच देतत ही?"

"शक्यतो."

"सूज खंयची?"

"कुठलीही असू दे."

"डोक्यात, आतसून आसात तर? मेंदवाक?"

"मेंदूच्या सुजेला पण देतात ही," औषधवाला म्हणाला. "पण म्हणजे काय, आजी..."

पुढचं त्यांनी ऐकलं नाही. जेवढं विचारायला गेल्या होत्या तेवढं मिळालं होतं. भाजी न घेताच त्या वर आल्या, आणि आल्यावर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. विचारून काय उत्तर मिळतं ते त्यांना ठाऊक होतं. चंदूच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. खुर्चीत डोळे मिटून, उशांना टेकून तो बसला होता, सुजलेला, बिनकेसांचा. बापही शेवटी असाच बसायचा. आडवं झोपवत नव्हतं.

दुपारी घरात दुसरं कुणी नसताना, चंद्रप्रकाश घोरत असताना, त्यांनी गावी अण्णाला फोन लावला. अण्णा म्हणजे सत्यवानाचा धाकटा भाऊ, गावच्या देवळात मानाचा, गाऱ्हाणं घालणारा.

"भावजी, चंदूच्या डोक्याचा ऑपरेशन झालाहा."

"कसला म्हणतंस वयनी?"

"गाठ आसतली. माका कोण सांगणत नाय. मागच्यासारख्याच. तू देवाक गाऱ्हाना घाल. आजच घाल."

अण्णाने जास्त विचारलं नाही. मागच्या वेळी तोही न सांगणाऱ्यांत होता. तिन्हीसांजेला त्याने देवळातून फोन केला आणि चालूच ठेवला. द्रौपदीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी फोन कानाला घट्ट धरून उभ्या राहिल्या. तिकडे घंटा वाजली, मग अण्णाचा खडा आवाज आला.

"बा देवा म्हाराजा! आमच्या सत्यवानाचो झिल चंद्रप्रकाश, मुंबैक मुलुंडात रवता, तेच्या डोक्याचा ऑपरेशन झालाहा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळात जमलेली माणसं म्हणाली. द्रौपदीबाईंचेही ओठ हलले.

"तेच्या डोक्यात जा काय वायट आसात, ता भायर काड. तेचा डोक्या पयल्यासारख्या करून दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझा लेकरू तुझ्या पायाकडे येवन उभ्या रवात, नि तुका नारळ देयत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवळात उभ्या असलेल्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी मुंबईत होता. अंगारा एसटीने निघायच्या आधीच बातमी ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपवर आली. चंद्रप्रकाशने तो ग्रुप कधीचा म्यूट करून ठेवला होता.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात दहिसरचा शरच्चंद्र, मंडळाचा सेक्रेटरी, दोन शहाळी घेऊन उभा. त्याच्या मागे मानखुर्दची जानकी मावशी, द्रौपदीबाईंची धाकटी बहीण, सफरचंदं घेऊन. जानकी मावशी जिन्यापासूनच डोळे पुसत होती.

"खंय आसा माझो चंदू?"

अस्मिताला काही कळेना. "बसा ना. काय झालं, मावशी?"

"आमका कित्या विचारतंस गो? एवढा मोठा ऑपरेशन, नि मंडळाक कळवूक नको?" शरच्चंद्र म्हणाला. "ब्लड लागलं असतं तर पोरं उभी केली असती मी. डोक्यात गाठ म्हणजे काय चेष्टा आहे?"

चंद्रप्रकाश आवाज ऐकून बाहेर आला होता आणि आता परत फिरायला उशीर झाला होता. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. गोटा, ठिपके, पट्टीचा वण, मिटत आलेले डोळे. जानकी मावशीने तोंडावर पदर घेतला. शरच्चंद्र आपोआप उभा राहिला.

चंद्रप्रकाशने अस्मिताकडे पाहिलं. मग आईकडे. आई भिंतीला टेकून उभी होती आणि त्याच्याकडे एकटक पाहत होती. तिने कुणाला काय सांगितलं, तिला काय वाटतंय, ते सगळं त्याला त्या क्षणी कळलं. एक वाक्य पुरलं असतं. केस लावलेत. पण शरच्चंद्र समोर होता. गणपतीचा माइक, मंडळाची पूजा, वर्षभराची थट्टा, सगळं समोर होतं.

"डॉक्टर काय म्हणतात?" शरच्चंद्रने हळू आवाजात विचारलं.

"बरं आहे," चंद्रप्रकाश म्हणाला. मग जरा थांबून, "वेळेत लक्षात आलं."

अस्मिताच्या हातातला पाण्याचा ट्रे वाजला.

जानकी मावशीने पदराच्या गाठीतली अंगाऱ्याची पुडी सोडली. "गावसून इलोहा. डोक्याक लावतंय. मेल्या, वाक मरे जरा." तिचा हात गोट्याच्या दिशेने निघाला आणि चंद्रप्रकाश एवढ्या झपाट्याने मागे सरला की खुर्ची पडली.

"डोक्याला नको! डोक्याला हात नको लावू, मावशी!"

"अरे अंगारो आसा तो देवाचो!"

"गळ्याला लाव. इथे. डोक्याला नाही सांगितलंय."

"बरोबर आसा," शरच्चंद्र गंभीरपणे म्हणाला. "टाके ओले आसतले."

मावशीने गळ्याला अंगारा लावला. जाताना शरच्चंद्रने मिठी मारायचा विचार केला, तो रद्द केला, आणि नुसता त्याचा कोपर दाबला. दार बंद झाल्यावर अस्मिता नवऱ्याच्या मागोमाग खोलीत गेली.

"आईंना आत्ताच्या आत्ता सांगा."

"सांगतो."

"त्यांना वाटतंय तुम्हाला ट्यूमर आहे! त्यांचं तोंड पाहिलंत?"

"सांगतो ना. सूज उतरू दे. असं तोंड घेऊन काय सांगू? दोन दिवस."

"मी सांगते मग."

"तू नको. मी सांगतो म्हटलं ना, यार!"

तो सोमवार गेला. मंगळवारही गेला. द्रौपदीबाई सकाळी त्याच्यासमोर नाचणीची आंबील ठेवत. बांगड्याचा मधला तुकडा त्याच्या ताटात जाई. पूर्वी बापाच्या ताटात जायचा. त्या त्याच्याशी कमी बोलत आणि जास्त बघत. आपण वेळेवर कळून घेतलं, यावेळी गावाला गेलो नाही, समोर आहोत, एवढंच त्यांच्या हातात होतं. चंद्रप्रकाश आंबील पीत असे आणि वाडगा खाली ठेवताना त्याला प्रत्येक वेळी वाटे, आता सांगावं. मग आई वाडगा उचलून नेई.

पण संशयी माणसाला फार काळ एकाच गोष्टीवर विश्वास ठेवता येत नाही. आपण स्वतः शोधून काढलेली असली तरी. बुधवारी सकाळी द्रौपदीबाई पॅसेजमधून जात होत्या. खोलीचं दार फटीएवढं उघडं होतं. चंदू आरशापुढे उभा होता आणि अपूर्वा मोबाइलने त्याच्या डोक्याचे फोटो काढत होती.

"वरून घे. आता पुढून. लाइन सरळ आलीय ना?"

"एकदम सरळ, बाबा. झकास."

"डावीकडे जरा कमी वाटतेय मला."

"नाही हो. हीरो दिसणार तुम्ही."

आणि चंदू हसला. सुजलेल्या डोळ्यांनी, स्वतःकडे बघत, ओठ एका बाजूला नेऊन. तसं हसताना त्यांनी त्याला कॉलेजात असताना पाहिलं होतं, चाळीच्या आरशासमोर, भांग पाडताना.

मरायला टेकलेला माणूस असा हसेल? त्या तिथून हलल्या नाहीत असं नाही, हलल्या, पण स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलायला बसल्या आणि वाट बघत राहिल्या. अपूर्वा पाणी प्यायला आली.

"लाइन सरळ इली म्हणतत," त्या लसणावरून नजर न काढता म्हणाल्या.

अपूर्वा थांबली. "बाबांनी सांगितलं तुला?"

"मगे?"

"सुटले रे बाबा! मी म्हणतच होते, आजीला सांगा म्हणून. एवढं काय त्यात? आता हे केस आधी गळतात म्हणे, मग तीन-चार महिन्यांनी खरे यायला लागतात. मागचे काढून पुढे लावलेत ना, म्हणून मागे पट्टी होती."

द्रौपदीबाईंच्या हातातली पाकळी ताटलीत पडली.

"केस?"

"हो. केस. तुला... बाबांनी सांगितलं ना?"

"गाठ नाय?"

"कसली गाठ?"

"तुझो बापूस मरूचो नाय?"

अपूर्वाने ग्लास ओट्यावर ठेवला. रविवारी ती क्लासला गेली होती. नंतर आईबाबा खोलीत कुजबुजत होते ते तिने ऐकलं होतं, पण कशाबद्दल ते तिने विचारलं नव्हतं. ती आजीशेजारी खाली बसली आणि तिने तिचा हात धरला. हाताला लसणाचा वास होता.

"नाही गं आजी. ते ठणठणीत आहेत. त्यांनी फक्त केस लावलेत."

द्रौपदीबाई एकदा हसल्यासारख्या झाल्या. मग पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. "मेलो," त्या म्हणाल्या, "केस लावलेहत!" आणि पुन्हा तेच. अपूर्वाला वाटलं, झालं, सुटलं सगळं. तेवढ्यात आजी म्हणाली, "रविवारी शरच्चंद्राक काय सांगल्यान तो? वेळेत लक्षात इला?"

अपूर्वाला ते ठाऊक नव्हतं. पण आजीने आपला हात सोडवून घेतला.

"तुझो मोबाइल हाड हय," द्रौपदीबाई म्हणाल्या. "माका एक काम करून दी. नि बापाशीकडे बोला नको."

संध्याकाळी चौघं चहाला बसली. चंद्रप्रकाशची सूज बरीच उतरली होती आणि त्याचा मूड चांगला होता. त्याने बिस्कीट चहात बुडवलं.

"आई, मला तुला एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

"माका ठावक आसा. केस."

बिस्कीट तुटून चहात पडलं. अस्मिताने अपूर्वाकडे पाहिलं, अपूर्वाने टेबलाकडे.

"मी सांगणारच होतो, आई. खरंच. सूज उतरायची वाट..."

"माका काय वाटता ता तुका कदी कळला?"

तो चमच्याने चहातलं बिस्कीट शोधू लागला.

"रविवारी कळला. मी थयच हुबी होतंय. तू माझ्याकडे बगलंस. नि मगे म्हणालंस, वेळेत लक्षात इला."

"शरच्चंद्रदादासमोर काय बोलणार होतो? अख्ख्या मंडळात..."

"सोमवारी शरच्चंद्र नव्हतो. मंगळवारी नव्हतो. आंबील पित होतंस."

"आई, चुकलं त्यांचं," अस्मिता म्हणाली. "माझंही. पण आता डोकं केलंय ते काही वाईट मनाने..."

"डोक्याचा माका काय नाय. केस लाव, नायतर शेंडी ठेव. तेवाय सांगणारच होतंस मां, चंदू? बापाशीच्या येळेक?"

पंधरा वर्षांत त्या हे एकदाही बोलल्या नव्हत्या. चंद्रप्रकाशने चहाचा कप पुढे सरकवला, मागे घेतला. "तुला त्रास नको म्हणून," तो म्हणाला आणि म्हणता म्हणताच थांबला.

"बाबा," अपूर्वा हळूच म्हणाली, "अण्णाआजोबांनी देवाकडे काय मागितलंय माहितीय? डोकं पहिल्यासारखं करून दे म्हणून."

हसू कुणालाच आलं नाही, पण चंद्रप्रकाशचा हात नकळत डोक्याच्या दिशेने गेला आणि लावायचा नाही हे आठवून अर्ध्यावर थांबला.

"देवाक खोट्या गाऱ्हाना घातलाहा," द्रौपदीबाई म्हणाल्या. "मी घालूक लावलंय. तां तसाच ठेवन माका चलाचा नाय."

"अण्णाकाकांना फोन करून सांगूया ना. मी बोलतो."

"फोनार नाय."

"मग जाऊ की. थोडे दिवसांनी. मला उन्हात जायला मनाई आहे, गाडीत धक्के... आणि अजून दोनेक आठवड्यांत हे लावलेले केस गळणार, भयानक दिसणार मी. गणपतीला जाऊ, तोपर्यंत जरा..."

द्रौपदीबाईंनी आपला रिकामा कप बशीवर उपडा ठेवला आणि उठल्या.

"शुक्रवारची तिकटां काडलीहत, चौघांची. शनिवारी तिन्हीसांजेक देवळात अण्णा गाऱ्हाना बदलून घालतलो. डोक्यात काय झाला नि रविवारी काय सांगलंस, ता गाववाल्यांका चंदू आपल्या तोंडान सांगतलो. शरच्चंद्राक मी बोलावलंय. तोय येतलो."